मालकाची पोरगी

शिकायला मी कॅनडाला निघाले त्या सकाळी आबा रात्रपाळी संपवून थेट कोल्हापूर स्टँडवर आले होते. अंगात फाउंड्रीतलेच कपडे, मानेवर काळी वाळू, अगदी पापण्यांवरसुद्धा. आर्ट कॉलेजातल्या मैत्रिणी हार घेऊन आल्या होत्या, फोटो काढायचे होते. मी म्हटलं, "आबा, तेवढी पाण्याची बाटली आणा की." ते गेले. परत येईपर्यंत फोटो काढून झाले होते. आईने भरून दिलेल्या दोन बाटल्या माझ्या पिशवीत होत्याच.

आपल्या उचगावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं लांब जाऊन बसलेल्यांनो, तुम्ही मला 'आपली शिल्पकार' म्हणून मिरवता, तेव्हा त्यातलं खोटं कुठलं हेही मीच सांगायला हवं.

आबा मोल्डर होते. वाळू दाबून साचा करायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, हे काम त्यांनी जन्मभर केलं. रविवारी अंगणात ओल्या वाळूत वाटी दाबून साचा कसा निघतो ते मला दाखवायचे. "हात हलका ठेव. वाळूला कळतंय." वाटी झाली, मग आईचा अडकित्ता, मग माझाच पंजा. शिल्पकला मी तिथे शिकले. कॉलेजात तिची फक्त इंग्रजी नावं कळली.

टोरांटोत पहिल्याच महिन्यात वर्गात कुणीतरी विचारलं, वडील काय करतात? 'फाउंड्रीत आहेत' असं सांगायचं होतं. तोंडून निघालं, 'आमची फाउंड्री आहे.' समोरचीच्या चेहऱ्यावर आदर दिसला आणि मला तो आवडला. पुढे एका हॉस्पिटलबाहेर नर्सचा पुतळा केला, रेल्वे घालणाऱ्या मजुरांचं स्मारक केलं. प्रत्येक माहितीपत्रकात ते वाक्य माझ्या नावामागे येत राहिलं. मजुरांचे पुतळे उभारत होते आणि मजुराची मुलगी म्हणवून घ्यायला लाजत होते.

तिसरं काम सगळ्यात मोठं. सरोवराकाठच्या चौकात, बोटीतून उतरणारी परमुलखातली बाई, कडेवर मूल. तोवर आई वारली होती. आबा एकटे होते, म्हणून अनावरणाच्या महिनाभर आधी त्यांना बोलावून घेतलं. पुतळा ओतणाऱ्या तिथल्या फाउंड्रीत काम अडलं होतं. बाईच्या खांद्याचा भाग दोनदा ओतला, दोनदा आत भोकं राहिली. आबांना मी नुसतं बघायला म्हणून नेलं. साच्याभोवती दोन चकरा मारून ते उकिडवे बसले.

"हे वरनं वताय लागल्यात. आतली हवा जाणार कुठनं? खालनं भराय सांग. आन् हितं मानंपाशी हवा जायाला दोन भोकं ठेवाय सांग."

मी इंग्रजीत सांगितलं. तिथला मुख्य कारागीर डग, दांडगा गडी. त्याने आबांच्या भाजलेल्या हातांकडे पाहिलं आणि साचा मोडला. तिसऱ्यांदा खांदा अखंड निघाला. डगने आबांना मिठीच मारली.

अनावरणाच्या दिवशी डगने हे एका वार्ताहर बाईला सांगितलं. ती माझ्याकडे आली. हे कोण? शेजारी आबा उभे, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. खरं बोलायला याहून सोपी वेळ मला कधी मिळाली नव्हती. मी म्हणाले, "माय फादर. फाउंड्री ओनर, फ्रॉम इंडिया."

ज्या माणसाचं आयुष्य ओनरच्या हाताखाली गेलं, त्याला तो शब्द कळतोच. आबा हसले, बाईंशी हात मिळवला. घरी येऊन बूट काढताना म्हणाले, "मालक केलंस व्हय मला?"

इथल्या लोकांना समजत नाही, असं काहीतरी मी पुटपुटले.

"आमच्या मालकानं वाळूत कधी हात घातला न्हाय. खांदा मी काढलाय. लाज वाटती तर वाटू दे, पर माझं काम काढून त्येला देऊ नगंस."

बातमी छापून आली, आणि आबा गावी परतायच्या आधीच उचगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचली. आबा गाडीतून उतरले तेव्हा जुने सोबती वाटच बघत होते. "या या, मालक!"

वर्तमानपत्राला पत्र लिहून मी दुरुस्ती छापून घेतली. ती कोण वाचतं? मग गेल्या मार्चमध्ये उचगावला आले आणि आबांना न सांगता, ते काम करायचे त्या फाउंड्रीत गेले. जेवणाच्या सुट्टीत बसलेल्या माणसांना सगळं सांगितलं, खांदा कुणी वाचवला आणि मी काय बोलले. कुणी हसलं, कुणी डब्यात बघत राहिलं. आबांचे जोडीदार शिवामामा भाकरीचा घास गिळून म्हणाले, "आमास्नी काय सांगतीस? त्यो कोण हाय ते आमास्नी ठावं हाय की. तिकडं सांग."

तिकडे सांगितलं. तिथल्या महापालिकेला चार अर्ज केले, आणि चौकातल्या पाटीवर माझ्या नावाखाली आबांचं नाव आलं. पुढे 'मोल्डर, उचगाव'. फोटो पाठवला. आबा फोनवर म्हणाले, "बरं दिसतंय." एवढंच.

या दिवाळीत परत घरी आले आहे. गावात त्यांचं नाव आता मालकच पडलंय. बाजाराला आम्ही दोघं निघालो की कुणीतरी ओरडतं, "काय मालक, पोरगी आली व्हय?" आबा थांबतात, "व्हय की" म्हणतात, आणि मी मान खाली घालते. टोरांटोत मला असं कुणी लाजवत नाही. तिथे माझा फ्लॅट आहे, स्टुडिओ आहे, तीन पुतळे आहेत. घर मात्र इथेच, जिथे ती हाक मला रोज ऐकून घ्यावी लागते.