पिवळं झबलं

दुबईतल्या आमच्या जेएलटी वस्तीतल्या टॉवरमध्ये समोरच्या दारात कोलंबियाची एक आजी राहते, लेकीकडे आलेली. मी मुलाकडे आलेय, तशीच. माझं इंग्रजी टीव्ही बघून शिकलेलं, तिचं माझ्याहून मोडकं. पण त्यानं गप्पा थांबतात होय!

तिच्या गावात पूर आला तेव्हा बायका-मुलं महिनाभर शाळेत राहिली. रोज एकीनं गोष्ट सांगायची. "गोष्टींवर जगलो, हबीबी," म्हणायची. अख्ख्या टॉवरला हबीबी, म्हणजे अरबीत 'लाडके', म्हणणारी बाई ती! इथंही दर शनिवारी खालच्या हॉलमध्ये कॉफी करून बायका जमवते आणि गोष्टी सांगते.

तिचं ऐकून ऐकून एकदा मीही बोलून गेले. मुलाच्या आधी मला मुलगी झाली होती. चार दिवसांत गेली. सासरी ठरलं, विषय काढायचा नाही. मुलालासुद्धा माहीत नाही. तिचं झबलं मात्र साड्यांच्या तळाशी घालून मी दुबईपर्यंत आणलंय. "कुणाला सांगू नकोस गं," म्हटलं. तिनं माझा हात छातीशी धरला. मला वाटलं, वचन मिळालं.

पुढच्या शनिवारी माझा गुडघा धरला, म्हणून सून एकटीच गेली. तीन महिन्यांपूर्वी तिचं मिसकॅरेज झालेलं. तेव्हापासून धड बोलत नव्हती. परत आली ती डोळे सुजवून, पण चक्क माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, समोरच्या आजींची पहिली मुलगी चार दिवसांची गेली हो! झबलं अजून जपलंय त्यांनी. मी तिथंच रडले. इतकं बरं वाटलं!"

मी कोथिंबीर निवडत होते, ती तशीच टाकली. अनवाणीच जाऊन समोरची बेल वाजवली.

"ती माझी मुलगी होती."

"तुझं नाव नाही घेतलं, हबीबी. आमच्याकडे एकीचं दुःख दुसरी आपलं म्हणून सांगते. ओझं हलकं होतं."

"मला विचारलंस?"

तिनं पुन्हा माझा हात धरायला घेतला. मी तो सोडवून घरी आले.

त्यानंतर ती बेल वाजवते, मी आत बसून राहते. सून पुन्हा हसायला लागली, शनिवारची वाट बघते, त्याचा आनंद आहेच. पण माझ्या लेकीला जगात दुसरीच आई मिळाली, त्याचं काय करू?

परवा सून फोनवर मैत्रिणीला तीच गोष्ट सांगत होती. "...आणि ते एवढंसं निळं झबलं..."

"निळं नाही!" मी आतून ओरडले. "पिवळं होतं ते."

ती फोन हातात धरून दारात येऊन उभी राहिली. मी कपाट उघडलं आणि एकेक साडी बाजूला काढायला लागले.