धक्क्यावरून परत

तुडीलची जहांआरा आफ्रिकेला निघाली, तेव्हा तिला पोचवायला अर्धा मोहल्ला सावित्री नदीच्या काठावर आला होता. नवरा सईद तिकडे एका बंदरगावी शिवणकाम करायचा. लेक रुकय्या पोटात असतानाच तो तिकडे गेला; लेकीचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं.

बोट पोचता पोचता रुकय्याला ताप भरला. जहांआरानं मनाला समजावलं, बाप धक्क्यावर असेल, लगेच दवाखान्यात नेईल.

बोट धक्क्याला लागली, तसा गोरा साहेब वर चढला. कागद पाहून त्यानं मान हलवली. सोबतचा गुजराती कारकून म्हणाला, "बाई, कायदा बदललाय. बायकांना आता उतरू देत नाहीत. याच बोटीनं परत जा."

"जाईन मी परत," ती म्हणाली, "पण पोरीला डॉक्टरला दाखवा. आन् हिचा बाप खाली हाय, त्याला निरोप तरी द्या."

साहेब काहीतरी पुटपुटला. कारकुनानं मान खाली घातली. "उतरायची परवानगी नाही, म्हणजे डॉक्टरकडेही नाही."

तिला कठड्याशीही जाऊ दिलं नाही. खालच्या खोलीत कोंडून बाहेर शिपाई बसवला. दार बडवून बडवून तिचे हात सुजले. एका खलाशानं चोरून पाणी दिलं, तेवढंच.

परतीच्या वाटेवर रुकय्या गेली. खलाशांनी चादर दिली, एका म्हाताऱ्या उतारूनं नमाज पढली आणि पोर समुद्रात सोडली. आईला मूठभर माती द्यायलाही मिळाली नाही.

पुढच्याच बोटीनं, काम सोडून, सईद गावी आला. दारातूनच कडाडला, "दिवसभर उभा होतो मी! विचारलं तर म्हणाले, अशी कोण बाई बोटीवर नाय. का नाय आलीस गो?" मग आत डोकावून त्यानं विचारलं, "रुकय्या कुठं हाय?"

जहांआरानं सगळं सांगितलं. तो उंबऱ्यावरच बसला.

नंतर तो दाद मागायला महाडच्या कचेरीत खेटे घालत राहिला. "परमुलखातली गोष्ट, आम्ही काय करणार?" हेच उत्तर. शेवटी जाणंच सोडलं.

शेजारणी विषय काढत, तेव्हा जहांआरा एवढंच म्हणे, "मी नको होते तर नको म्हणायचं. पण माणूस आलंय, हे तरी कबूल करायचं ना?"

ते ऐकलं की सईद उठून नदीकडे निघून जाई.