रिकाम्या सीटवरचं वजन

उस्मानभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच ट्रॅक्टरवर बसलो होतो. ते महिन्याच्या रजेवर दाभोळ खाडीकाठच्या आपल्या गावी गेले होते. इकडे ओमानात रुस्ताकच्या वाटेवरच्या आमच्या शेतावर त्यांच्या जागी कुणी नव्हतं, म्हणून सुपरवायझर असूनही गवत मीच कापत होतो. फोन त्यांच्या बायकोचा, हमीदाभाभींचा होता. मशीनच्या आवाजात काही ऐकू येईना. घाईघाईत उतरलो आणि वीसेक पावलं लांब जाऊन उभा राहिलो. पहाटेची नमाज पढून ते पडवीतल्या खुर्चीत बसले होते, भाभी सांगत होत्या. भाभींनी चहा बाजूला ठेवला आणि पाव तास भाईंशी घरातल्या गोष्टी बोलत राहिल्या... मग चहावर साय धरलेली दिसली. मान तेवढी डावीकडून मागे वळलेली होती. मी वसईचा किरिस्ताव, पण अशा वेळी काय म्हणायचं ते उस्मानभाईंकडूनच शिकलो होतो. ‘इन्ना लिल्लाही’ एवढं कसंबसं म्हणालो आणि फोन ठेवला. मग कानावर आलं, की इंजिन चालूच आहे.

यात नवल काय, ते सांगायला हवं. आम्ही इथे लॉन पिकवतो, म्हणजे हॉटेलांना आणि बंगल्यांना गालिच्यासारखं गुंडाळून विकायचं गवत. ते दर तिसऱ्या दिवशी एकसारखं कापावं लागतं. त्यासाठी एक छोटा ट्रॅक्टर आहे, आणि त्याच्यामागे ओढायचा हा भला मोठा मोवर. त्याचे दोन्ही बाजूंचे पंख पसरले की ट्रॅक्टर त्याच्यापुढे खेळण्यातला वाटतो. पंखांखाली पाती गरगरत असतात. ती फिरत असताना ड्रायव्हर सीटवरून उठला, तर सीटखालचा स्विच इंजिन बंद पाडतो. मी पाती फिरती ठेवून उतरलो होतो. सीट रिकामी होती. तरीही ते धडधडत होतं.

इकडे नवा ट्रॅक्टर आला की बरेच ड्रायव्हर पहिल्यांदा या स्विचच्या तारा एकमेकींना बांधून टाकतात. ओलं गवत मोवरखाली अडकतं, दिवसातून वीस वेळा उतरावं लागतं, आणि दर वेळी पुन्हा चालू कोण करत बसणार? उस्मानभाईंनी बारा वर्षांत तारांना हात लावू दिला नाही. एकदा घाईचं काम होतं तेव्हा अर्बाबने, म्हणजे शेताच्या मालकाने, तारा बांधायला सांगितल्या. भाई शांतपणे किल्ली त्याच्या हातात देऊन सावलीत जाऊन बसले. डाव्या हाताची दोन बोटं त्यांनी आधीच्या एका शेतावर घालवली होती. मला म्हणायचे, दोन बोटं देऊन शिकलो ते तुला फुकट सांगतोय, म्हणून तुला किंमत नाय. माझ्या कापण्याच्या रेषा वाकड्या यायच्या, त्यावरून तर त्यांनी मला अगदी सळो की पळो केलं होतं. ते स्वतः कायम डावीकडून मागे वळून, मोवरवर नजर ठेवून चालवायचे. पुढे कोण बघणार, असं मी एकदा विचारलं.

“पुढचं अल्ला बघतो,” म्हणाले, “मागचं मलाच बघावं लागतं.”

आता कबूल करतो. स्विच बिघडला आहे हे मला फोन आला त्याच दिवशी कळलं होतं, आणि पाच आठवडे मी कुणाला बोललो नाही. रोज सकाळी मुद्दाम पाती चालू ठेवून उतरायचो, लांब जाऊन बघायचो. सीट डाव्या अंगाला दबलेली दिसायची, ते बसायचे तशी. इंजिनाचा आवाज जराही हलायचा नाही. मी हळूच सलाम करायचो आणि परत चढायचो. माझ्या रेषा आयुष्यात पहिल्यांदा सरळ येऊ लागल्या होत्या. बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल, पण मला त्यांच्या मातीला जाता आलं नव्हतं. ते इथे आहेत असं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटायची. दोन्ही मला सोडवत नव्हतं.

मग भाईंच्या जागी महाडचा दिलावर आला. चाळिशीचा, अबोल, दोन मुलींचा बाप. चौथ्या दिवशी त्याने विचारलं, पहाटे शेडमध्ये चढतो तेव्हा सीट उबदार कशी असते? जानेवारी होता, उन्हाला अजून दोन तास होते. ओमान आहे बाबा, इथे सगळंच गरम, म्हणून मी हसण्यावारी नेलं. स्विचबद्दल तेव्हाही बोललो नाही, आणि सकाळचं माझं ते चढणं-उतरणंही सोडलं नाही.

आठवड्याने ऑफिसच्या दारातून पाहिलं, तर तो खाली उतरलेला, मोवर चालू, आणि पंखाच्या कडेला अडकलेला गवताचा लगदा तो पायाने ढकलतोय. मी ओरडत धावलो. पोहोचेपर्यंत बुटाचा पुढचा तुकडा गेला होता. बोटं वाचली होती, कशी ते विचारू नका. तो गवतावर बसून पाय चाचपत होता. चालू ठेवून उतरलासच कसा, असं मी त्याच्यावर खेकसलो.

त्याने मान वर केली. “तुम्ही रोज तसंच उतरता ना, फ्रान्सिसभाई. मला वाटलं, इथली पद्धत आहे.”

त्या दुपारीच रुस्ताकहून मेकॅनिक आणवला. त्याने सीट उचकटली. स्विच धडधाकट होता, तारा ठीक होत्या. खालची जाड स्प्रिंग मात्र डाव्या बाजूने पूर्ण दबून बसली होती, वर माणूस बसल्यावर दबते तेवढी. गंज, तो म्हणाला. असेल गंज. त्याने नवी बसवली आणि मला चढायला सांगितलं. मी पाती चालू केली. उठायचं होतं, आणि उठवेना. दिलावर फाटका बूट हातात घेऊन समोर उभा होता. त्याच्याकडे बघत मी उठलो, आणि इंजिन जागच्या जागी बंद पडलं. इतकं शांत झालं की पाणी सोडायच्या नळ्यांची टिपटिप ऐकू आली. “खलास,” मेकॅनिक म्हणाला. सीटचा दांडा धरून मी रडलो. फोन आला त्या दिवशीही इतका रडलो नव्हतो.

जुनी स्प्रिंग मी मागून घेतली. ऑफिसच्या खिडकीत ठेवली आहे. वर काहीही नाही, तरी अजून दबलेलीच आहे.

आता दिवसातून वीस वेळा शेतावरचं इंजिन बंद पडतं आणि वीस वेळा मी हातातलं काम टाकून दाराशी येतो. दिलावरला ते कळलंय. दोन पायांवर उभा राहून तो माझ्याकडे हात वर करतो. तो हात दिसेपर्यंत मी श्वास घेत नाही. परवा त्याने डावा हात वर केला तेव्हा मी आधी बोटं मोजली. पाच होती. बरं वाटलं... आणि क्षणभर वाईटही वाटलं.