यंत्र खोटं निघावं

मासे दाखवणारं यंत्र आमच्या होडीवर आलं, ती ऐंशीच्या दशकातली अखेरची वर्षं. शहर करावे गावाच्या वेशीला येऊन भिडलं होतं आणि खाडीतली मासळी कमी कमी होत चालली होती. आमचे हे म्हणाले, मोठ्या ट्रॉलरवरचं जुनं यंत्र मिळतंय, मासा कुठे आहे ते पडद्यावर दिसतं. त्यानंही काही नाही झालं तर होडी विकायची आणि ह्यांनी जवळच्या पावणे गावातल्या कारखान्यात कामाला लागायचं, असं घरात ठरलेलं. सासरे हसले, "मासली दिसली म्हंजे जाल्यात आली का रं?" पण आशा त्यांनाही होतीच. त्यांचा जन्म त्या होडीवर गेलेला.

यंत्राचा एक डबीएवढा तुकडा होडीच्या तळाशी पाण्यात राहायचा. त्यात बारकी चक्री. ती पाण्यानं फिरली की पडद्यावर वेग यायचा. शेजारी पितळेची टिकली, तिच्यावरून पाणी किती ऊन, किती गार ते कळायचं. आता नवीन अवजार घरात आलं की पूजा आलीच. सासऱ्यांनी नारळ फोडला आणि तेलात कालवलेला शेंदूर चक्रीलाही भरपूर लावला. झालं! होडी पळतेय आणि पडद्यावर वेग शून्य. ओहोटीला होडी कलती करून बघतो तर चक्री शेंदरात रुतून बसलेली. आम्ही सगळे मशेरीवाले, दात घासायचा ब्रश फक्त ह्यांचा. तोच घेऊन मी चक्री साफ केली.

"देवानं ब्रेक लावला होता," हे म्हणाले. सासरेसुद्धा हसले.

मग खाडीतल्या दोन खुंटांमधलं अंतर दोरीनं मोजलं. भरती थांबल्यावर होडी जाऊन-येऊन पळवली, घड्याळ बघितलं, यंत्रामागचा स्क्रू फिरवत वेग जुळवला. तो बरोबर आला. पाण्याचा आकडा मात्र भलताच.

"पौषात पानी एवढं ऊन?" सासरे म्हणाले. "मशीनला ताप आलाय."

आम्हाला वाटलं, आपलंच काहीतरी राहिलं असणार. परत घासलं, परत पुसलं. आकडा तोच. यंत्र बसवून देणाऱ्या मेकॅनिकनं सांगितलं, काचेचं थर्मामीटर आणा, दोन्ही एकाच पाण्यात धरा. यंत्र बॅटरीसकट सोडवून घरी आणलं, अंगणात बादली ठेवली, विहिरीचं पाणी ओतलं. दोन्हीकडे एकच आकडा, चांगला गार. मग खाडीचं पाणी भरून आणलं. तेही दोन्हीकडे एकच, आणि ऊन.

 मी बादलीत हात घातला. खरं सांगते, मनात म्हटलं, देवा, यंत्र खोटं निघू दे. शेंदूर असता तर ब्रशनं निघाला असता. यंत्र परत बसवून होडी कारखान्यांचं पाणी सुटतं त्या बाजूला नेली तसा आकडा चढतच गेला, आणि पडद्यावर खाली नुसता गाळ.

"परत बघ," सासरे म्हणायचे. रोज म्हणायचे. ह्यांना ते बघवेना. एका सकाळी ह्यांनी त्यांच्या नकळत पाण्याच्या आकड्याचा दुसरा स्क्रू फिरवला आणि आकडा पौषात असायचा तसा खाली आणून ठेवला.

"बाबा, बघा. झालं बरोबर."

म्हातारा एवढा खूष! स्वतः जाळं टाकलं, स्वतः ओढलं. वर आला तो चिखल, प्लास्टिकच्या पिशव्या आणि दोन मेलेले बोईट मासे. 

"आता पानी बरोबर हाय ना?" त्यांनी विचारलं. "मग मासली कुठं हाय?"

 त्यानंतर सासरे होडीत बसले नाहीत. होडी घ्यायला गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी ह्यांनी तो स्क्रू मागे फिरवून आकडा परत खरा केला. म्हणाले, "खोटं कोणाच्या गळ्यात मारू नये." मी शेजारी पाण्यात थर्मामीटर धरून उभी होते. पाणी आणखी ऊन झालं होतं.