अर्धी ओंजळ

पाणी पिण्याआधी तो ओंजळीतले अर्धे पाणी जवळच्या झाडाच्या मुळाशी ओतायचा आणि म्हणायचा, "ज्याचं त्याला पयलं."

सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्या वाडीत आज सांगतात, की त्याच्या अंगात देव यायचा आणि देवच पाणी दाखवायचा. साफ खोटे! सांगणाऱ्यांपैकी एकही तेव्हा जन्मला नव्हता. मी तिथे होतो. विहिरीच्या कामावरचा ओव्हरसियर मीच, आणि तो माझ्या हाताखालचा खणणारा.

साल चाळीसच्या आसपासचे. वाडीतल्या बायका ओढ्यातला झरा वाटीने उपसून हंडे भरत. विहिरीची मंजुरी पावसाळ्यापर्यंतच होती. तोवर पाणी लागले नाही, तर काम कायमचे बंद. मी सखल जागा आखून दिली.

"झाडाला इचारलं का, सायब?" तो म्हणाला.

"परीक्षा मी दिली आहे, झाडाने नाही."

तो हसला आणि खणू लागला. बारा हातांवर काळा पाषाण लागला, पहारी बोथटल्या. चूक माझी होती, आणि ती मी देवाच्या कोपाच्या माथी मारू देणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने मला चढावरच्या उंबराखाली नेले. वैशाखाचे कोरडे आभाळ. तरी उंबराखालचा पाचोळा ओला होता. माझा तळहात त्यावर दाबून तो म्हणाला, "खालून पितंय, पानातनं गळतंय. तुमच्या पुस्तकाला असा घाम येतो काय?"

उंबरापासून थोडे अंतर राखून आम्ही पुन्हा खणले. नऊ हातांवर मुरूम ओलावला. दहाव्या हातावर खालून आरोळी आली, "सायब, पाय भिजलं!"

काठावरून एका म्हातारीने विचारले, "गोड हाय का रं?"

"झाडाला दिल्याबिगर कसा सांगू गो?"

देवाची आवई त्याच्या हयातीतच उठली होती. तो म्हणायचा, "देव आला असता, तर पहार त्याच्याच हातात दिली असती."

अखेरच्या दुखण्यात तो माणसे ओळखेनासा झाला. मी त्याच विहिरीचे पाणी तांब्यातून नेले आणि त्याच्या ओंजळीत ओतले. त्याने आधी हात कलता केला. अर्धे पाणी सारवलेल्या जमिनीवर सांडले आणि पाहता पाहता आत जिरले. उरलेले तो प्याला.

देव मी पाहिला नाही. हे मात्र पाहिले आहे.