बांगड्यावरचा अंगठा

माझ्या नवऱ्याचा एकही धड फोटो आमच्या घरात नाही. बाराव्याला भिंतीवर लावायला काही मिळेना, तेव्हा मालवणातल्या फोटोवाल्याने आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून दिला. त्यात ते चोरी पकडली गेल्यासारखे बघतात. हार बदलताना दर वेळी मला त्यांची माफी मागावीशी वाटते.

फोटो म्हटला की ते गायब. कुणाच्या लग्नात कॅमेरा समोर आला की हे पंगतीत भात वाढायला पळणार. एका ग्रुप फोटोत त्यांचा कान आहे, बाकीचे ते एका मामेसासऱ्यांच्या फेट्यामागे गेले आहेत.

मुलगा बोटीवर नोकरीला. वडील गेले तेव्हा त्याची बोट भर समुद्रात होती. तो घरी पोचला तेव्हा बारावंही उरकलं होतं. शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही, हे त्याच्या मनातून जात नाही. वर्षश्राद्धाच्या आत वडिलांचा एक तरी चांगला फोटो हवा, असं त्याने मनात धरलं होतं. बोट बंदराला लागली की फोन करायचा आणि तेच काढायचा.

"आई, तुझ्या फोनात जा काय आसा ता सगळा क्लाउडवर चढव. मी हयसून बघतंय. खंय तरी बाबा गावतले."

फोटो एकदा वर चढले की त्याला बोटीवरून दिसणार आणि माझा फोन विहिरीत पडला तरी ते राहणार, एवढं मला समजलं. पण आमच्या घरात रेंजची बोंब. खिडकीशी उभं राहिलं तर निरोप येतो, एखादा फोटो गोल गोल फिरत कसाबसा उतरतो. हजारो फोटो वर चढवायचे तर सड्यावर जायला हवं. घरामागची दगडी पायऱ्यांची पाखाडी चढलं की सडा, सगळा जांभ्याचा कातळ, आणि तिथे रेंज भरपूर. फोनचा मनोरा गावातल्या माणसांना सोडून त्या कातळासाठीच बांधलाय की काय, असं मला कधीपासून वाटतं.

"आणि ते माशांचे फोटो आधी उडव बघया," मुलगा म्हणाला. "फोन तेनीच भरलो आसा. नायतर चढवता चढवता तुझा वरीस जायत."

मासे आमच्याकडे तेच आणायचे. रोज सकाळी मोटारसायकल काढून मालवणच्या मासळी बाजारात. पण मासा ओळखण्यात मी हुशार आणि ते अगदीच भोळे. मासेवाली गोड बोलली की कालचा बांगडा घेऊन येणार. म्हणून आमचं ठरलं होतं, की विकत घेण्याआधी फोटो पाठवायचा. ते एका हाताने फोन धरायचे, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने माशाचा कल्ला उचलायचे, आत लाल आहे की काळं पडलंय ते मला दिसावं म्हणून. खाली लिहायचे, "हो घेव काय गो?" मी खिडकीत उभी राहून बघायची आणि कळवायची, "नको. कालचो आसा." किंवा "घेवा." तोवर मासेवाली त्यांची चेष्टा करत असायची. पाठवून झालं की स्वतःच्या फोनमधून ते फोटो लगेच पुसायचे, जागा अडते म्हणून. माझ्या फोनमध्ये मात्र सगळे साठले. बांगडे, सौंदाळे, पेडवे, चतुर्थीनंतरची पहिली सुरमई.

मुलाने सांगितलं तसं मी ते सगळे निवडले आणि उडवले. खरं तर सुटल्यासारखं वाटलं. फोन उघडला की माशांचे डोळे माझ्याकडे बघायचे. मग कचरापेटी रिकामी करायची होती, नाहीतर जागा सुटत नाही म्हणे. तिथे फोनने विचारलं, "कायमचे हटवायचे?" माझं बोट तिथेच थांबलं. त्या वर्षात कायमचं या शब्दाचा मी धसकाच घेतला होता. राहू दे पुढे कधीतरी म्हणून फोन ठेवून दिला.

मग सड्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. दुपारची भांडी झाली की छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन वर जायचं, काजूखाली बसायचं, फोन मांडीवर ठेवून निळी रेघ पुढे सरकताना बघायची. वरून वाडी सगळी दिसते. निम्मी घरं बंद, त्यांच्या किल्ल्या माझ्याकडे. चतुर्थीला उघडतात, विसर्जन झालं की परत कुलूप. इतक्या घरांच्या किल्ल्या असलेल्या बाईला बोलायला मात्र एक माणूस नाही, याचा मला रागच यायचा. एकदा मी त्या निळ्या रेघेलाच म्हणाले, "चल गो बाय, आटप."

फोटो चढले तशी फोनने आपणहून माणसं वेगळी केली. गोल गोल चौकटीत एकेक चेहरा. मुलगा, सून, नात, मी, एवढंच काय, गणपतीसुद्धा. हे नव्हते. मी दोनदा खालपर्यंत बघितलं. ग्रुप फोटोतला कान काही फोनने धरला नाही. आयुष्यभर ज्याच्याबरोबर राहिले तो माणूस या हिशेबात जन्मालाच आला नव्हता.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी त्यांचे जुने निरोप उघडले. निदान शब्द तरी असतील म्हणून. "हो घेव काय गो?" होतं. "ही सुरमय बरी दिसता" होतं. पण प्रत्येक निरोपावर एक धुरकट चौकोन, दाबला तर फोटो सापडत नाही म्हणून सांगणारा. एका चौकोनात त्या धुरकटातही खालच्या कोपऱ्यात काहीतरी तपकिरी होतं. अंगठा. नारळ सोलताना कोयत्याने नख दुभंगलं होतं, तो. चेहरा कधी दिला नाही त्या माणसाने, पण हात रोज सकाळी पाठवला होता, आणि मी तो कचऱ्यात टाकला होता.

मी कचरापेटी उघडली. होते, सगळे होते. एकेक करून मी ते परत आणले. सगळे एकदम आणता येतात हे मला नंतर कळलं. पुढच्या दुपारी सड्यावर माशांपासूनच सुरुवात केली. मुलाला काही बोलले नाही. बघितले की ओरडेल, ओरडू दे.

सगळं चढून झालं तेव्हा रिकामं वाटलं. सड्यावर जायला आता कारण नव्हतं. म्हणून एसटीने मालवणला गेले, मासळी बाजारात. ते गेल्यावर पहिल्यांदाच. मासेवालीने ओळखलं, पण चेष्टा केली नाही, नुसता बांगडा पुढे केला. मी अंगठ्याने कल्ला उचलला. लालभडक होता. विचारायची गरजच नव्हती, तरी मी कल्ला तसाच धरून दुसऱ्या हाताने फोन काढला आणि फोटो घेतला. मग कुणाला पाठवायचा ते सुचेना. मी फोन पिशवीत टाकला आणि बांगडे घेतले.

बाजारात रेंज असते. तो फोटो आपला आपणच वर चढला असणार.

घरी कालवणाला तिरफळं टाकत होते तेव्हा खिडकीत फोन वाजला. मुलाचा निरोप. "आई, मासे उडवलंस नाय ता बरा केलंस. बाबांचो आंगठो बघून खूप रडलंय. पयलो बांगड्याचो फोटो सगळ्यांत बरो आसा. तोच मोठो करून भिंतीर लावया."

पहिला म्हणजे सगळ्यात वरचा. सगळ्यात वरचा म्हणजे आजचा.

मी माझ्या अंगठ्याकडे बघितलं. कोकमं फोडून फोडून काळवंडलेला, म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा. मला हसू आलं, आणि हसता हसता रडूच कोसळलं. मग डोळे पुसून त्याला लिहिलं, "बरां."

बांगडा ताजाच होता. एकटीला जास्त झाला.