कंबरच दुखतेय ना!

हृदयाच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांना सगळे घड्याळबाई म्हणायचे, अर्थात पाठीमागे. जांघेतून हृदयापर्यंत घातलेली नळी काढली की त्या जागेवर बोटं रोवून बाई वीस मिनिटं उभ्या. मध्ये फोन वाजो, डॉक्टर हाक मारोत, हलतील तर शपथ! बावीस वर्षांत त्यांच्या हातचा एकही पेशंट रक्तानं भिजला नव्हता, आणि हे त्या कुणाला विसरूही देत नव्हत्या.

त्या सकाळी एका म्हाताऱ्या शिंप्याची नळी त्यांनीच काढली. पट्टी कोरडी ठणठणीत. आता पाय न हलवता सहा तास उताणं पडायचं. तासाभरात शिंप्याची बायको आली. "सिस्टर, ह्यांची कंबर फार दुखतेय."

"उताणं पडल्यावर सगळ्यांचीच दुखते, आजी."

खोटं नव्हतं ते, दुखतेच. म्हणून ती दुसऱ्यांदा आली तेव्हा बाईंनी जाऊन पट्टी तेवढी पाहिली. तिसऱ्यांदा तर मानही वर केली नाही. "दिवसभर वाकून कपडे शिवायचे, तेव्हा नाही वाटतं दुखली?" सगळा वॉर्ड हसला. म्हातारी बिचारी ओशाळून परत गेली.

चौथ्यांदा ती नव्या सिस्टरकडे गेली. त्या पोरीनं बीपी घेतलं आणि धावतच सुटली. वरचं ऐंशी! म्हातारा पांढराफटक, घामानं डबडबलेला. रक्त बाहेर येतच नव्हतं, पोटाच्या मागे आतल्या आत साचत होतं. क्वचित कुणाला होतं असं, आणि त्याची एक खूण म्हणजे कंबरदुखी. अहो, नव्या मुलींना हे दरवर्षी शिकवायचं कोण? घड्याळबाईच!

रक्ताच्या चार पिशव्या चढल्या, म्हातारा कसाबसा वाचला.

तिसऱ्या दिवशी म्हातारी बाईंच्या टेबलापाशी आली. "माफ करा हं सिस्टर, त्या दिवशी मी सारखं तुमचं डोकं खाल्लं."

घड्याळबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'असू दे' म्हटलं असतं तर सुटल्या असत्या. नवी सिस्टर शेजारीच गोळ्या लावत होती. तिच्यासमोर त्या म्हणाल्या, "आजी, माफी मी मागायची. तुम्ही बरोबर सांगत होता. मला कळायला हवं होतं. मी ऐकलं नाही, वर तुमची थट्टा केली."

 कंबरदुखी हीच आतल्या रक्ताची खूण होती, हे म्हातारीला कुणी सांगितलंच नव्हतं.

"तुम्ही सगळे हसलात ना," ती हळूच म्हणाली, "त्यानंतर अर्धा तास मी गप्प बसून होते. हे कण्हत होते, आणि मला पुन्हा सांगायला यायची लाज वाटत होती."